मूल एकटं पडलंय हे आधी पोट सांगतं, मग झोप: काय बघायचं आणि काय करायचं

माझी लेक पाचवीत गेली तेव्हा आम्ही पंचवटीतला वाडा सोडून पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो, शाळाही बदलली, आणि जुलैपासून तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी पावणेसहाला उठवायला गेलं की गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, बेंबीच्या जरा वर तळहात ठेवून "आई, इथे दुखतंय". जंताचं औषध झालं, हिंग-ओवा झाला, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले शाळेचं टेन्शन असेल, होईल नीट. मग रात्रीचं सुरू झालं, झोप लागायला अकरा वाजायचे आणि परत दोन-अडीचला अंधारात हळूच आवाज यायचा, "आई, तू झोपलीस का?"

हे सगळं एकटेपणाचं आहे हे माझ्या डोक्यात शिरायला तीन महिने गेले. ती कधी म्हणालीच नाही ना की मला एकटं वाटतं म्हणून, दहा वर्षांचं मूल असं म्हणत नाही, ते म्हणतं पोट दुखतंय, डोकं दुखतंय, मला शाळेत नाही जायचं, मला झोप येत नाहीये. म्हणून हे सविस्तर लिहितेय, ज्यांचं मूल आत्ता तिथे आहे त्यांचे तरी तीन महिने वाया जाऊ नयेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. एकटं असणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं. काही मुलं दोन-दोन तास एकटी चित्र काढतात, ठोकळे जोडतात, स्वतःशी बडबडतात, जेवतात नीट, झोपतात नीट, त्यांना काही झालेलं नाही, त्यांच्या मागे लागून त्यांना खाली खेळायला ढकलू नका. एकटं पडणं म्हणजे सोबत हवी आहे आणि मिळत नाहीये. हे पन्नास मुलांच्या वर्गात होतं, भरल्या घरात होतं, चुलत भावंडांच्या घोळक्यातसुद्धा होतं. आमची लेक संध्याकाळी गॅलरीच्या ग्रिलला कपाळ टेकवून खालच्या पोरांचा खेळ बघायची, मी म्हणायची जा ना खाली, ती म्हणायची "नको, मला इथूनच बघायला आवडतं". मी ते खरं धरलं. तेव्हा तिचा चेहरा नीट बघायला हवा होता.

आता झोपेचा याच्याशी काय संबंध ते. द्राक्षाच्या बागेवर राखणीला एकटा माणूस असला की तो गाढ झोपत नाही, पान वाजलं तरी उठून बसतो, तेच दोघं असले की आलटून पालटून निवांत झोपतात. शरीराचंही तसंच आहे, आपल्याला सोबत नाही असं मनाने धरलं की शरीर रात्रभर राखण करत बसतं, झोप लागते पण वरवरची, सारखी तुटते. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओप्पो यांनी एकटेपणाचा शरीरावर काय परिणाम होतो यावर कित्येक वर्षं काम केलं, त्यांच्या अभ्यासांत हेच पुढे आलं की एकटं वाटणारी माणसं अंथरुणात इतरांइतकाच वेळ असतात पण त्यांची झोप तुटक असते. २०११ साली अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या हटराइट लोकांवर एक अभ्यास झाला, हे लोक एकत्र शेती करतात, एकत्र जेवतात, तिथल्या ९५ मोठ्या माणसांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, तर ज्यांना जास्त एकटं वाटत होतं त्यांची झोप जास्त तुटत होती, तासांमध्ये मात्र फरक नव्हता. म्हणजे एवढ्या गोतावळ्यात राहूनही! त्यामुळे "घरात एवढी माणसं आहेत, हिला कसलं एकटं वाटतंय" हे वाक्य आधी सोडून द्या.

हे मोठ्यांचं झालं. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून जास्त जुळ्यांचा लहानपणापासून अभ्यास चालू आहे, त्यांची वयाच्या अठराव्या वर्षी विचारपूस केली तेव्हा जास्त एकटं वाटणाऱ्यांची झोप खराब होती, दिवसा थकवा होता, लक्ष लागत नव्हतं, आणि एकसारख्या जुळ्यांतही ज्याला जास्त एकटं वाटत होतं त्याचीच झोप जास्त बिघडलेली. ज्यांनी मारहाण किंवा छळ सोसला होता त्यांच्यात हा संबंध आणखी घट्ट दिसला.

आणि हे उलटंही फिरतं बरं का. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की झोप न झालेली माणसं दुसऱ्यांपासून जास्त अंतर ठेवतात, आणि बघणाऱ्यांनाही ती एकटी-एकटी वाटतात. शाळेत हे कसं दिसतं, रात्री झोप नाही म्हणून मूल चिडचिडं, डोळे जड, कोणी हाक मारली तर उत्तर नाही, मग बाकीची पोरं म्हणतात ही खडूस आहे, जाऊ दे हिला, की ती आणखी एकटी पडते आणि रात्री आणखी जागी राहते. हे चक्र कुठून तरी तोडावं लागतं, आणि माझा अनुभव असा की नुसतं रात्रीच्या टोकाला धरून ते तुटत नाही, दुपार-संध्याकाळ आधी सुधारावी लागते.

तब्येतीचं म्हणाल तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांचा अभ्यास आजही चालू आहे, त्यात लहानपणी जी मुलं एकाकी होती त्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल असं सगळं एकत्र धरलं तर वयाच्या २६व्या वर्षीच ते इतरांपेक्षा वाईट निघालं. हे वाचून घाबरून जाऊ नका, शाळा बदलल्यावर दोन-तीन महिने एकटं वाटलं म्हणून कोणाचं हृदय बिघडत नाही, मुद्दा वर्षानुवर्षं तसंच राहण्याचा आहे. आणि आपलंच मूल वेगळं असंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटं वाटतं असं आहे, १३ ते २९ वयात १७ ते २१ टक्के.

बरं, आता करायचं काय.

सगळ्यात आधी डॉक्टर, हे गाळू नका. झोप मोडण्याची शारीरिक कारणं असतात, मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी (अडेनॉइड्स) बघून घ्या. अंथरुणात पाय सारखे हलवत असेल, पाय ओढतात म्हणत असेल तर लोह कमी असू शकतं, रक्त तपासा. जंताची गोळी शाळेत दिली होती का विचारा. हे सगळं ठीक निघालं म्हणजे मूल नाटक करतंय असा अर्थ काढू नका मात्र, ते दुखणं खरं असतं, ताणाने आतडी खरंच आवळल्यासारखी होतात. आमच्या घरी "काही नाही हो, शाळा बुडवायची कारणं" असं एकदा तिच्यासमोर बोललं गेलं आणि त्यानंतर दहा दिवस तिने पोट दुखतंय हे सांगणंच बंद केलं, नुसती डबा न खाता परत आणायची.

मग कॅलेंडर. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन पेनं बांधून ठेवली, पोट किंवा डोकं दुखलं की लाल टिंब, रात्री जाग आली की निळं. बाकी काही लिहायचं नाही. अडीच आठवड्यांनी उभं राहून बघितलं तर लाल टिंबं मंगळवार-शुक्रवारी, आणि निळी त्याच्या आदल्या रात्री, सोमवार-गुरुवारी. वेळापत्रक काढलं, मंगळवार-शुक्रवार पीटी. तिला काही विचारलं नाही लगेच, दुसऱ्या दिवशी स्कूटीवर मागे बसलेली असताना सहज म्हटलं, पीटीला काय काय घेतात गं? थोडा वेळ काही नाही, मग पाठीला गाल टेकवून म्हणाली, "सर म्हणतात जोड्या करा. आम्ही मुली एकोणीस आहोत."

बस्स, एवढंच. एकोणीस मुली, आणि दर वेळी उरायची ती एकटी, मग सर म्हणायचे तू बाजूला बस किंवा माझ्यासोबत कर. कोणी मारलं नव्हतं, कोणी चिडवलं नव्हतं, तरी आठवड्यातून दोनदा सगळ्या वर्गासमोर हिला कळत होतं की आपल्याला कोणी घेत नाही.

तर विचारायचं असं, समोर बसवून डोळ्यात डोळे घालून नाही. गाडीवर, मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, लाइट गेलेली असताना, म्हणजे जिथे तोंड एकमेकांकडे नसतं तिथे मुलं बोलतात. आणि प्रश्न साधा, पकडता येईल असा: आज डबा कोणाशेजारी बसून खाल्ला, मधल्या सुट्टीत कुठे होतीस, बाकावर शेजारी कोण असतं. "मैत्रीण झाली का नाही अजून?" हे रोज विचारू नका, मुलाला ती परीक्षाच वाटते आणि रोज नापास झाल्यासारखं होतं. आणि काही सांगितलं की लगेच "अगं मग तूच जाऊन बोलायचं ना" हे तर नकोच, तिला ते माहीत असतं, जमत नाही म्हणून तर रडतेय. "म्हणजे त्या वेळी तुला कसंतरीच झालं असेल" एवढं म्हणा आणि गप्प बसा. पाहुण्यांसमोर "आमची एकलकोंडी आहे जरा" असं कधीच नाही.

रिक्षावाल्या काकांना, व्हॅनवाल्या काकांना विचारा. हे कोणी करत नाही. मूल रोज पाऊण तास त्यांच्यासमोर असतं, कोण कोणाशेजारी बसतं, कोणाची बॅग कोण ओढतं त्यांना सगळं माहीत असतं. आमचे काका म्हणाले, "ताई, ती मागे खिडकीला बसते, काही बोलत नाही, पण उतरताना बारक्या पोरीची बॅग रोज हीच देते खाली." म्हणजे दुसरीतली एक छोटी होती आणि हिचं तिच्याशी जमत होतं! वयात फरक असला तरी ती मैत्रीच आहे, तिला कमी समजू नका, पुढे मी त्याच धाग्याने गेले.

शाळेत जाताना भांडायला जाऊ नका, दोन छोट्या गोष्टी मागा. मी वर्गशिक्षिकेला एवढंच म्हटलं की मॅडम, पीटीला जोड्या मुलींनी न करता हजेरीच्या नंबराने लावता येतील का, कोणी उरलं तर तिघींचा गट, आणि दुसरं म्हणजे हिला दुसऱ्या एका मुलीसोबत काहीतरी काम द्याल का, वह्या आणायचं वगैरे. दोघींना मिळून एक काम असलं की बोलायला विषय लागत नाही, मैत्री कर म्हणून सांगण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं. मॅडम चांगल्या होत्या, सरांशी बोलल्या. शाळेने ऐकलं नाही तर लेखी द्या, मुख्याध्यापकांना भेटा, आणि चिडवणं, पैसे काढून घेणं, ढकलाढकली असं काही असेल तर मग सौम्य राहायची गरज नाही, त्याच दिवशी जा.

दहा मैत्रिणी नकोत, एक हवी. वाढदिवसाला वीस पोरं बोलावून एकटेपणा जात नाही, उलट त्या गर्दीत मूल जास्त एकटं पडतं. एका मुलाला बोलवा, एकाच, दीड तासासाठी, आणि करायला काहीतरी ठरलेलं ठेवा, नुसतं "खेळा हं दोघं" म्हटलं की दोघंही टीव्हीकडे बघत बसतात. आम्ही वह्या आणणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीच्या आईला फोन केला आणि रविवारी सकाळी दोघींना पांडवलेणीला नेलं, आमच्या घरून जवळच आहे. लेणी चोवीस आहेत, ती मोजून वहीत लिहायची एवढंच काम दिलं. पायऱ्या चढताना दम लागला की कोणी बोलत नाही आणि ते चालून जातं, वर पोचल्यावर दोघींचं मोजणं जुळेना, एक म्हणे बावीस, एक म्हणे तेवीस, परत पहिल्यापासून मोजायला धावल्या. मी खाली पायरीवर बसून राहिले. ज्यांना चढणं नको त्यांनी वाचनालयात न्या, आपल्याकडे नाशिकला १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना आहे, किंवा घरी भेळ करायला लावा, कांदा एकीने चिरायचा, कोथिंबीर दुसरीने निवडायची.

सोसायटीच्या खालच्या पोरांचं वेगळं असतं. त्यांची टोळी तीन-चार वर्षांची असल्यापासून जमलेली असते, नवीन मूल जाऊन उभं राहिलं तरी त्याला जागाच नसते, क्रिकेटमध्ये टीम झालेल्या, बॅडमिंटनला रॅकेट दोनच. म्हणून पहिले काही दिवस मोठ्यांनी खाली उतरून असा खेळ सुरू करून द्यावा ज्यात कितीही पोरं घुसू शकतात, डबा ऐसपैस, विषामृत, लगोरी, साखळी. मी आठवडाभर रोज सहा वाजता उतरले आणि डबा ऐसपैस लावला, पंधरा मिनिटं स्वतः राज्य घेतलं, मग "माझी भाजी राहिलीये" म्हणून वर आले. छोटी पोरं मध्ये आली तर त्यांना कच्चा लिंबू करा, आमच्या लेकीला त्या कच्च्या लिंबूंना सांभाळायचं काम मिळालं आणि तिला ते फार आवडलं. पळून दमलेलं मूल झोपतं हा फायदा वेगळाच, आणि संध्याकाळचा उजेड डोळ्यांना मिळतो.

घरातही एक माणूस रोज ठरलेला पाहिजे. माझी ऑफिसची वेळ, यांची अंबडला सेकंड शिफ्ट, त्यामुळे आम्ही आजीला नेमलं. रोज रात्री आठला पंचवटीला फोन, दहा मिनिटं, त्यात अभ्यासाचं काही विचारायचं नाही असं आजींना आधीच सांगून ठेवलं. आजी तिला गल्लीतल्या बातम्या सांगतात, ही त्यांना दिवसाचं सांगते, मला न सांगितलेलंही सांगते, आणि मी ते खोदून काढत नाही.

आता रात्र. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराला आठ ते दहा. शाळेसाठी पावणेसहाला उठायचं तर निदान पावणेनऊला डोळे मिटलेले हवेत, म्हणजे आठला जेवण झालेलं हवं, आणि आपल्याकडे साडेनऊला तर कुकरची शिट्टी होते. हे घराने मिळून बदलावं लागतं, एकट्या मुलावर ओरडून नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवाव्यात असं परिपत्रक काढलं, मुलांची झोप होत नाही हेच त्याचं कारण होतं, पण पाचवीपासून पुढच्यांना परत पहाट आहेच. मला विचाराल तर सातवीपर्यंत तरी हा नियम हवा.

झोपायच्या तासभर आधी मोबाइल-टीव्ही बंद, घरातल्या सगळ्यांचा, ट्यूबलाइट बंद करून पिवळा छोटा दिवा. संध्याकाळनंतर चहा नाही, आपल्याकडे "घोटभरच" म्हणून मुलांना देतात, पण कॅफिन त्यातही असतं. मोबाइल पूर्ण तोडू नका, लांबच्या मावसभावासोबत दुपारी व्हिडिओ कॉलवर खेळणं ही सोबतच आहे, पण रात्री पांघरुणात एकटीने रील्स बघणं ही सोबत नाही, त्याने झोपही जाते आणि इतरांचे ग्रुप फोटो बघून आतून आणखी खायला उठतं. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलू नका.

दहा वर्षांची झाली, आता वेगळी झोपव, असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं. मी नाही ऐकलं. आपली मुलं आजीच्या कुशीत झोपून मोठी झालेली आहेत, घाबरलेल्या शरीराला शेजारी कोणाचा तरी श्वास ऐकू येणं हेच औषध आहे. मी चार महिने तिच्या शेजारी गादी टाकली, मग गादी दाराजवळ सरकवली, मग माझ्या खोलीत गेले आणि दोन्ही दारं उघडी ठेवली. घाई करण्यासारखं यात काही नव्हतं.

आणि रात्री दोनला उठली तर? दिवा लावायचा नाही, घड्याळ दाखवायचं नाही, काय झालं म्हणून विचारायचं नाही, रात्री दोनला सगळे प्रश्न डोंगराएवढे दिसतात. पाठीवर हात, "मी इथेच आहे", बस. फारच बोलायला लागली तर मी म्हणायची, उद्या गाडीवर सांग मला, मी आठवण करेन, आणि खरंच आठवण करायची, नाहीतर पुढच्या वेळी ती विश्वास ठेवणार नाही. वीस मिनिटं झाली तरी झोप नाही तर उठून पाणी, एक चक्कर, मंद उजेडात शांतपणे काहीतरी वाचून दाखवायचं. "झोप आता, सकाळी शाळा आहे" हे म्हटलं की उरलेली झोपही उडते.

झोप यावी म्हणून मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्या (गमीज) ऑनलाइन मिळतात, कोणीतरी मलाही लिंक पाठवली होती. डॉक्टरांनी बघून दिल्याशिवाय देऊ नका.

महिना-दीड महिना हे सगळं करूनही फरक नसेल, मूल जेवण सोडत असेल, वजन उतरत असेल, शाळेत जायलाच तयार नसेल, आवडीचा खेळही नको म्हणत असेल तर बालमानसतज्ज्ञाकडे जा, जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो, खासगी परवडत नसेल तर तिथे दाखवा. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. मूल "मी नसले तरी चालेल" अशा अर्थाचं काहीही बोललं तर महिना थांबू नका, त्याच दिवशी दाखवा आणि त्याला एकटं सोडू नका. आणि बदल एकदम अचानक असेल, एखाद्या ठराविक माणसाचं नाव काढलं की मूल आकसून बसत असेल, परत अंथरूण ओलं व्हायला लागलं असेल तर तो वेगळा प्रकार असू शकतो, कोणी मुलावर अत्याचार करत असू शकतं, चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करा.

तज्ज्ञाकडे जाताना कॅलेंडरची ती पानं फाडून सोबत न्या. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो तेव्हा लेक डॉक्टरांसमोर एक शब्द बोलली नाही, पण मी पानं टेबलावर ठेवली तशी तिने स्वतःच बोट ठेवलं, लाल टिंबावर, आणि म्हणाली, "हे पीटीचं आहे."